ऑडिओ बायबल ॲप: ‘आजचं वचन’ बंद करा आणि अख्खा अध्याय लावा

आधीच सांगते, हा रिव्ह्यू सगळ्यांसाठी नाहीये. पाठांतरासाठी किंवा संडे स्कूलच्या तयारीसाठी ॲप शोधत असाल तर दुसरे रिव्ह्यू बघा, तिथे फीचर्सची यादी नीट मिळेल. मी लिहितेय ते अशा माणसासाठी ज्याचं मन त्याला खातंय, कुणाला सांगता येत नाही असं काहीतरी हातून घडलंय आणि आतून एकच विचारायचंय की देव मला माफ करेल का. लहानपणापासून चर्चला जाणारे असोत किंवा कधीही बायबल हातात न घेतलेले, हा प्रश्न घेऊन लोक येतात आणि बहुतेक वेळा रात्री येतात, तेव्हा बारीक अक्षर वाचायची ताकद नसते पण इअरफोन लावता येतो, म्हणून मला ऑडिओ महत्त्वाचं वाटतं.

ॲपचं नाव मुद्दाम देत नाही. मराठीत ऐकायला एकापेक्षा जास्त पर्याय आहेत, बरेचसे सारखेच चालतात, आणि मी जे सांगणार आहे ते थोड्याफार फरकाने सगळ्यांना लागू पडतं.

आवाजाचं पहिलं. एका प्रकारच्या रेकॉर्डिंगमध्ये वेगवेगळी माणसं वेगवेगळ्या पात्रांचं बोलतात, मागे म्युझिक, गर्दीचा गलका, वादळ वगैरे सगळं असतं. दुसऱ्या प्रकारात एकच जण सरळ वाचत जातो. माझं मत स्पष्ट आहे, सरळ वाचन घ्या. मुलांना नाटकासारखं आवडतं ते ठीक आहे, पण अपराधी वाटत असताना मागचं म्युझिक तुम्हाला सांगत राहतं की आता रडा, आता बरं वाटून घ्या, आणि मन लगेच सावध होतं. साध्या आवाजात तसं काही नसतं, शब्द येतात आणि तुमच्यासमोर ठेवले जातात, घ्यायचे तर घ्या.

आता माझी मुख्य तक्रार. ॲप टाकलं की ‘आजचं वचन’ आपोआप चालू असतं आणि रोज सकाळी स्क्रीनवर सूर्योदयाचा फोटो आणि त्यावर एक ओळ. विलापगीतातली ती प्रसिद्ध वचनं तुम्ही पाहिलीच असतील, परमेश्वराची करुणा आटत नाही, ती रोज सकाळी नव्याने मिळते अशा अर्थाची. वचनं खरीच आहेत, माझा त्यांच्यावर पूर्ण विश्वास आहे. पण ती कुठून उचललीत ते ऐका एकदा. विलापगीत म्हणजे पाच अध्यायांचा आक्रोश आहे, यरुशलेम पडल्यावरचा, इ. स. पूर्व ५८६ च्या आसपास बाबेलच्या सैन्याने शहर घेतलं, मंदिर जाळलं, आणि या पुस्तकात उपासमारीने वेड्या झालेल्या आया आपलीच लेकरं शिजवतात इथपर्यंत लिहिलेलं आहे. ती वचनं तिसऱ्या अध्यायात २२ आणि २३ क्रमांकाला येतात, आणि त्याच अध्यायाच्या सुरुवातीला तोच माणूस म्हणत असतो की देवाने मला अंधारात चालवलं, माझी हाडं मोडली, मी ओरडतोय तरी माझी प्रार्थना आत घेत नाही. पुस्तक संपतं तेही प्रश्नावर, की तू आम्हाला कायमचं टाकलंस का.

हे सगळं सलग ऐकलं की ती वचनं वेगळीच ऐकू येतात. ज्याचं सगळं जळून गेलंय आणि ते आपल्याच लोकांच्या पापामुळे झालंय हे ज्याला पक्कं ठाऊक आहे, तो माणूस हे बोलतोय. त्याने पाप लपवलेलं नाही, देवावरचा रागही लपवलेला नाही, आणि तरीही म्हणतो की त्याची दया संपलेली नाही. फोटोवरची ओळ वाचून माझ्यासारख्यांना वाटायचं की हे चांगल्या लोकांसाठी असेल, ज्यांच्या सकाळी छान असतात. अख्खा अध्याय ऐकल्यावर तसं म्हणायची सोय राहत नाही.

म्हणून पहिलं काम, सेटिंगमध्ये जाऊन ते नोटिफिकेशन बंद करा. अध्याय लावा, पूर्ण ऐका.

आणि हे काही मी नवीन सांगत नाहीये. वचनांचे आकडे मुळात नव्हतेच. अध्याय पाडले गेले तेराव्या शतकात, आणि नव्या कराराला आज आपण वापरतो ते वचनांचे आकडे रॉबर्ट एस्तिएन या मुद्रकाने १५५१ मध्ये घातले. शोधायला ते फार सोयीचे आहेत, पण त्याआधीची हजार-दीड हजार वर्षं लोक सलगच ऐकत होते, बहुतेकांच्या हातात पुस्तक नव्हतंच. प्रकटीकरणाच्या सुरुवातीला तर मोठ्याने वाचणाऱ्याला आणि ऐकणाऱ्यांना आशीर्वाद आहे. नहेम्याच्या आठव्या अध्यायात एज्रा पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचतो, लोक उभे राहून ऐकतात आणि ऐकता ऐकता रडायला लागतात, कारण आपण कुठे चुकलो ते त्यांना कळतं. तिथे त्यांना काय सांगितलं जातं माहितीये का, रडू नका, घरी जा, खा-प्या, ज्यांच्याकडे काही नाही त्यांना वाटा, परमेश्वराचा आनंद हीच तुमची ताकद आहे. मला ही जागा फार आवडते आणि याच्यावर प्रवचन मी फारसं ऐकलेलं नाही.

बरं, कुठून सुरुवात करायची? बहुतेक जण थेट स्तोत्र ५१ लावतात. चांगलंच आहे, पण त्याच्या आधी दुसरे शमुवेलचे ११ आणि १२ हे दोन अध्याय ऐका आणि मग ५१ लावा. ॲपमध्ये अशी जोडी लावायची सोय नाही, प्लेलिस्ट बनवता येत नाही, दरवेळी बाहेर येऊन पुस्तक बदलावं लागतं, ही एक कमतरता. पण कष्ट घ्या. स्तोत्र ५१ च्या वर लिहिलेलंच आहे की बथशेबेच्या प्रकरणानंतर नाथान संदेष्टा दावीद राजाकडे आला तेव्हाचं हे. ते प्रकरण काय होतं हे शांत आवाजात ऐकताना अंगावर काटा येतो. दावीद दुसऱ्याच्या बायकोला बोलावून घेतो, ती गरोदर राहते, मग ते झाकायला तो तिच्या नवऱ्याला, उरीयाला, युद्धावरून घरी बोलावतो, आणि तो काही घरी जाऊन झोपत नाही म्हटल्यावर त्याला मारण्याचा हुकूम पत्रात लिहून ते पत्र उरीयाच्याच हाती सेनापतीकडे पाठवतो. स्वतःचं मरण खिशात घेऊन तो बिचारा गेला.

मग नाथान येऊन गरीब माणसाच्या एकुलत्या एक मेंढीची गोष्ट सांगतो, दावीद चिडतो, आणि नाथान म्हणतो तो माणूस तूच. यावर दावीदाचं उत्तर फक्त एक वाक्य आहे, मी परमेश्वराविरुद्ध पाप केलंय. पुढच्याच श्वासात नाथान सांगतो की परमेश्वराने तुझं पाप दूर केलंय, तू मरणार नाहीस. मध्ये काहीही नाही. वाट बघायला लावणं नाही, आधी हे सिद्ध कर मग बघू असं नाही. पण लगेच त्याच्या पुढे नाथान हेही सांगतो की मूल जगणार नाही, आणि ते सातव्या दिवशी जातं. आणि दावीदाच्या घरातली भांडणं, रक्तपात पुढचे कितीतरी अध्याय चालूच राहतात.

इथे जरा थांबते, कारण माझ्या मते अपराधाखाली दबलेल्या माणसाला सगळ्यात जास्त याचीच गरज असते. लोक म्हणतात मी प्रार्थना केली, कबूल केलं, पण नातं तुटलं ते तुटलंच, गेलेलं माणूस परत आलं नाही, म्हणजे देवाने मला माफ केलेलं दिसत नाही. हे दोन अध्याय ऐकलेला माणूस असं म्हणणार नाही. तिथे क्षमा पूर्ण आहे आणि परिणामही तसेच आहेत, दोन्ही एकाच संभाषणात. मुलाच्या मरणाचा भाग मला आजही जड जातो, त्याचं सोपं उत्तर माझ्याकडे नाही, आणि जे सोपं उत्तर देतात त्यांच्यापासून मी चार हात लांब राहते. पण यानंतर स्तोत्र ५१ ऐकलं की कळतं दावीद काय मागतोय. गेलेलं मूल परत दे असं तो एकदाही म्हणत नाही, मला शुद्ध मन दे, तुझ्यासमोरून घालवून देऊ नकोस आणि तारणाचा आनंद परत दे, असं म्हणतो.

मग लूक १५. हरवलेलं मेंढरू, हरवलेलं नाणं, आणि दोन मुलांचा बाप. हा अध्याय सगळ्यांना पाठ आहे असं वाटतं आणि म्हणूनच नीट ऐकायला हवा. धाकटा वाटणीचा पैसा उडवून परत यायला निघतो तेव्हा तोंडात बोलणं तयार ठेवतो, बाबा, मी पाप केलंय, तुमचा मुलगा म्हणवून घ्यायची माझी लायकी नाही, मला एखाद्या नोकरासारखं ठेवा. आता पुढचं ऐका. बाप त्याला लांबूनच बघतो, धावत येतो, गळ्यात पडतो, आणि मुलगा बोलायला सुरुवात करतो, पण नोकरासारखं ठेवा हे शेवटचं वाक्य त्याला म्हणताच येत नाही, बाप मध्येच नोकरांना झगा आणा, अंगठी आणा, जोडे आणा म्हणून सांगायला लागतो. वाचताना हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं, ऐकताना आलं, कारण तेच बोलणं थोड्या वेळापूर्वी पूर्ण ऐकलेलं असतं आणि दुसऱ्यांदा ते अर्धवट तुटतं. क्षमा मागायला जाताना आपणही असाच सौदा मनात ठरवून जातो की निदान एवढं तरी दे, आणि बाप ते ऐकूनच घेत नाही.

माझ्या आईला डोळ्यांच्या त्रासामुळे वाचता येत नाही, तिला मी हाच अध्याय लावून दिला होता. ती जुनी विश्वासी, तिने तो किती वेळा ऐकला असेल कुणास ठाऊक. संपल्यावर मला म्हणते, “अगं, तो थोरला आत गेला का नाही शेवटी?” मी म्हटलं सांगितलेलंच नाही. ती म्हणाली, “परत लाव.” खरंच सांगितलेलं नाही. थोरला रागावून बाहेर उभा आहे, बाप मेजवानी सोडून त्याच्यासाठीही बाहेर येतो, त्याची समजूत घालतो, आणि गोष्ट तिथेच थांबते. अध्यायाच्या पहिल्या दोन वचनांत कुरकुर करणारे परूशी आणि शास्त्री, म्हणजे धर्माचे कडक जाणकार, आहेत, की हा पापी लोकांबरोबर जेवतो, आणि ही सगळी गोष्ट त्यांना सांगितलेली आहे. ॲपमध्ये मात्र मध्येच ‘उधळ्या पुत्राचा दाखला’ असं शीर्षक मोठ्याने वाचून दाखवतात आणि मग ऐकणाऱ्याचं सगळं लक्ष धाकट्यावर जातं. ही शीर्षकं मूळ मजकुरात नाहीत, संपादकांनी घातलेली आहेत, ती बंद करायचं बटण असायलाच हवं होतं.

सलग ऐकण्याचा सगळ्यात मोठा फायदा मला योहानात झाला. १८ ते २१ हे चार अध्याय एका बैठकीत ऐका. १८ मध्ये येशूला धरलेली रात्र आहे, थंडी आहे, मुख्य याजकाच्या वाड्यात नोकरांनी कोळशाचा विस्तव केलाय, येशूचा शिष्य पेत्र तिथे शेकत उभा आहे आणि तिथेच तो येशूला ओळखत नाही म्हणतो, तीनदा. २१ मध्ये येशू उठल्यानंतर समुद्राकाठी भेटतो, शिष्य किनाऱ्यावर येतात तर तिथे कोळशाचा विस्तव पेटलेला, त्यावर मासे, भाकरी. आणि जेवण झाल्यावर तो पेत्राला विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस का, तीनदा. रात्रीच्या त्या नाकारण्याचा उल्लेखही नाही. तू असं का केलंस हा प्रश्न नाही. पण विस्तव तोच, आकडा तोच, आणि प्रत्येक वेळी वर काम सोपवलं जातं, माझी मेंढरं सांभाळ. पेत्राला तिसऱ्यांदा विचारल्यावर वाईट वाटलं असंही लिहिलंय. म्हणजे क्षमा त्याच्या जखमेला हात लावूनच येते, झाकून नाही.

त्याच रात्रीचा दुसरा माणूस यहूदा, येशूला पकडून देणारा शिष्य. मत्तय २७ मध्ये त्यालाही पस्तावा झालाय, त्याबद्दल मिळालेली चांदीची तीस नाणी परत घेऊन तो याजकांकडे जातो, निरपराध माणसाला धरून दिलं असं स्वतःहून कबूल करतो, आणि ते म्हणतात, आम्हाला काय त्याचं, तुझं तू बघ. पुढे त्याने स्वतःला संपवलं. मी यावर मोठं काही बोलणार नाही, फक्त एवढंच की जो आत्ता स्वतःला संपवायच्या विचारात असेल त्याने हा अध्याय एकट्याने लावू नये, आधी कुणाला तरी फोन करावा, जवळ कुणीतरी बसलेलं असू द्यावं. आणि ‘तुझं तू बघ’ हे उत्तर देणारे याजक होते, येशू नव्हता, हे लक्षात असू द्या.

मत्तय १८ पण ऐकाच, पण शेवटपर्यंत. तिथे राजा एका नोकराचं दहा हजार तालांतांचं कर्ज सोडून देतो. एक तालांत म्हणजे साधारण सहा हजार दिनार आणि एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी झाली, वर्षाचे तीनशे दिवस राबलं तरी दोन लाख वर्षं. आणि तो नोकर म्हणतोय थोडी सवड द्या, सगळं फेडतो! राजा सवड देत नाही, कर्जच सोडतो. मग हाच बाहेर जाऊन शंभर दिनारांसाठी सोबतीची मान धरतो. इथपर्यंत आलं की बऱ्याच जणांना बंद करावंसं वाटतं, मलाही वाटतं, कारण तोपर्यंत आपण माफी घेणारे होतो आणि आता कुणालातरी द्यायची वेळ येते. फक्त ज्यांच्यावर अत्याचार झालाय त्यांना हा भाग तोंडावर फेकून मारू नका, क्षमा करणं म्हणजे पुन्हा त्याच माणसाच्या तावडीत जाणं असा अर्थ यात कुठेच नाही.

उणिवा अजून थोड्या आहेत. ऑडिओत तळटिपा नसतात. योहानाच्या आठव्या अध्यायातली व्यभिचारात धरलेल्या बाईची गोष्ट घ्या, ती सर्वात जुन्या हस्तलिखितांमध्ये सापडत नाही आणि बऱ्याच छापील प्रतींत तशी खूण असते, ॲपमध्ये ऐकताना याचा पत्ताच लागत नाही. मला ती गोष्ट अतिशय प्रिय आहे आणि येशूच्या एकूण वागण्याशी ती पूर्ण जुळते असं मी मानते, पण ऐकणाऱ्याला माहिती मिळायलाच हवी. दुसरं म्हणजे स्पीड. मुळातच वाचन जरा भरभर आहे, आणि स्तोत्रांमध्ये तर दोन ओळींमध्ये श्वास घ्यायला जागा सोडलेली नाही. मी थोडा स्पीड कमी करून ऐकते, आवाज किंचित जड होतो पण चालतं. तिसरं, स्लीप टायमर मिनिटांवर आहे, अध्याय संपल्यावर थांब असं सांगता येत नाही, त्यामुळे कधीकधी ऐन वाक्यात बंद पडतं.

आणि एक मर्यादा ॲपची म्हणून नाही, तर कुठल्याही ॲपची. ते बोलतं, तुमचं ऐकत नाही. याकोबाच्या पत्रात स्पष्ट आहे की एकमेकांजवळ आपली पापं कबूल करा आणि एकमेकांसाठी प्रार्थना करा. कॅथलिक असाल तर धर्मगुरूंकडे पापनिवेदन आहे, इतर मंडळ्यांत पाळक किंवा विश्वासातलं एखादं जुनं माणूस असतं. दुसऱ्याच्या तोंडून ‘क्षमा झाली’ ऐकणं ही वेगळीच गोष्ट आहे, नाथान दावीदाच्या समोर उभा होता हे विसरू नका. शिवाय कुणाचं नुकसान केलं असेल तर ते भरून द्यायला हवं. लूक १९ मधल्या जक्कय नावाच्या जकातदाराने लुबाडलेल्याचं चौपट परत द्यायचं ठरवलं, पण क्रम बघा, येशू आधी त्याच्या घरी उतरायचंय म्हणाला, परत देण्याची गोष्ट नंतर निघाली. तो क्रम उलटा करून बसलेले कितीतरी लोक आहेत, आधी मी सगळं नीट करेन आणि मग देवासमोर जाईन म्हणणारे, आणि वर्षानुवर्षं ते जातच नाहीत. येशूच्या शेजारी वधस्तंभावर टांगलेल्या चोराकडे तर काही नीट करायला हातही मोकळे नव्हते.

माझ्याकडून ५ पैकी ४. एक गुण तळटिपा आणि प्लेलिस्ट नसल्याचा कापलाय. नवीन घेणाऱ्यांनी टाकल्या टाकल्या तीन गोष्टी करा, नोटिफिकेशन बंद, सरळ वाचनाचं रेकॉर्डिंग निवडा, आणि निदान स्तोत्रसंहिता, लूक आणि योहान एवढी तीन पुस्तकं वायफायवर असतानाच डाउनलोड करून ठेवा, कारण ऑफलाइन असताना ॲप काहीच न सांगता नुसतं फिरत बसतं आणि नेमकी गरज असते तेव्हाच ते होतं. स्तोत्र १३० ला बुकमार्क करा, आठच वचनं आहेत, बाकी काही ऐकवत नसेल तेव्हा तेवढं पुरतं.